किल्लारीच्या भिंती काय सांगतात?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून झोपी गेलेल्या किल्लारी परिसराला भूकंपाने गाठले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे स्वतःच्याच घरात गाडली गेली. लोकांनी दगडाची धास्ती घेतली. वस्तुतः दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. जाड भिंती मातीत रचलेल्या. आतला व बाहेरचा थर सांधणारे लांब दगड नाहीत. वर माळवदाच्या मातीचा भार. हादऱ्यासरशी थर सुटले आणि भिंती फाकल्या.

सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तिथे दुसरा इलाज नव्हता. इतरत्र मात्र घरमालकांनीच सरकारी अनुदानातून घरे मजबूत केली. भिंतीत आरपार दगड बसवावेत, वर काँक्रीटचा पट्टा घालावा, माळवदावरची माती कमी करावी, असे हे तंत्र. ते घरोघरी पोहोचविण्यासाठी गावातल्याच महिला मंडळांना ‘संवाद सहायक’ नेमले गेले.

मला या मार्गाचे मोल अधिक वाटते. ज्या भिंतीचे भय वाटत होते, तीच आपल्या देखरेखीखाली पक्की झाली, म्हणजे माणूस पुन्हा घरात निर्धास्त झोपतो. उद्या आपल्यापैकी कोणी आपद्ग्रस्त गावी गेला, तर धान्य-कपड्यांबरोबर एवढी माहितीही त्याने न्यावी.