दोन खुर्च्या, चार तास

ग्वातेमालातल्या अंतिग्वा शहरात स्पॅनिशचा वर्ग म्हणजे एक छोटं टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या. एका खुर्चीत शिक्षिका, दुसरीत विद्यार्थी. जुन्या घराच्या चौकाभोवती पडवीत अशी टेबलं ओळीनं मांडलेली असतात. सकाळी आठला बोलणं सुरू होतं, मध्ये कॉफीपुरती सुट्टी होते आणि बाराला वर्ग सुटतो. विद्यार्थ्याला मागच्या बाकावर लपायची सोय नाही, तशी शिक्षिकेलाही फळ्याकडे तोंड करून क्षणभर उसंत घ्यायची सोय नाही.

मी लॅपटॉपवरचं काम बरोबर घेऊन इथे राहायला आले. कंपनी पुण्याची. दोन्हीकडच्या घड्याळांत साडेअकरा तासांचं अंतर. इथे पहाटेचे पाच वाजतात तेव्हा पुण्यात दुपारचे साडेचार झालेले असतात. म्हणून सहकाऱ्यांबरोबरच्या मीटिंगा आठच्या आत उरकायच्या, मग वर्ग, आणि दुपारी पुणं गाढ झोपेत असताना निवांत काम. संध्याकाळचे वर्गही मिळतात. पण दिवसभर स्क्रीनसमोर बसून झाल्यावर उरलंसुरलं डोकं भाषेला देऊन भागत नाही. भाषेला दिवसाचे ताजे तास द्यावे लागतात आणि बाकीचं वेळापत्रक तिच्याभोवती बसवावं लागतं.

माझ्या शिक्षिकेला मी सगळ्यांसारखीच ‘सेन्यो’ म्हणते. इथे बाईंना अशीच हाक मारतात. सेन्यो मला पहिल्या दिवसापासून ‘तुम्ही’ म्हणतात. त्यांचं काम जवळून पाहताना मला सगळ्यात जास्त आदर वाटला तो त्यांच्या ऐकण्याचा. मी बोलत असते तेव्हा त्या मध्ये तोडत नाहीत. वहीच्या कडेला पेन्सिलीनं एखादी खूण करतात, एवढंच. माझं बोलणं संपलं की त्या स्वतःची एखादी गोष्ट सांगू लागतात. बहिणीचं लग्न, शेजाऱ्याचं कुत्रं, काहीही. माझं चुकलेलं क्रियापद त्या गोष्टीत पुन्हा पुन्हा बरोबर रूपात येतं. ते माझ्या कानाला खटकलं आणि मी माझं वाक्य दुरुस्त केलं, की त्या मान डोलावतात. कानाला खटकलंच नाही, तर मग वही उघडून नियम सांगतात. शब्द अडला तर तो लगेच पुरवत नाहीत. वळसा घालून का होईना, आहे त्या शब्दांत मला अर्थापर्यंत पोहोचू देतात. कुठली चूक आज सोडून द्यायची आणि कुठली धरायची, याचा निर्णय त्या चार तासांत कितीतरी वेळा घेतात. हे कसब पुस्तकातून येत नाही.

गावाचा उपयोगही त्या धड्यासारखा करतात. १५४३ साली पांचोय खोऱ्यात वसलेलं हे शहर स्पॅनिश राजवटीत मध्य अमेरिकेची राजधानी होतं. १७७३च्या भूकंपांनी ते उद्ध्वस्त झालं आणि १७७६मध्ये राजधानी दुसऱ्या खोऱ्यात, आजच्या ग्वातेमाला सिटीत हलली. मागे राहिलेल्या भग्न चर्चेस आणि मठांसह हे गाव १९७९पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. एका सकाळी सेन्यो मला कापुचिनास या मठात घेऊन गेल्या. कमानींखालून चालता चालता त्यांनी भूतकाळाची दोन रूपं शिकवली. इथे जोगिणी राहायच्या, पहाटे उठायच्या, प्रार्थना करायच्या. हे एक रूप, सवयीचं, वाहत्या काळाचं. मग भूकंप झाला, भिंती कोसळल्या, जोगिणी निघून गेल्या. हे दुसरं रूप, घडून संपलेल्या गोष्टीचं. मी त्या मठाची गोष्ट उलट त्यांना सांगितली, तेव्हा क्रियापदं आपोआप दोन रांगांत उभी राहिली.

इथे मराठी माणसाला एक फायदा आहे, तो मुद्दाम सांगायला हवा. स्पॅनिशची बहुतेक पुस्तकं इंग्रजी वाचकासाठी लिहिलेली असतात आणि त्याला अवघड जाणाऱ्या गोष्टी ती अवघड म्हणूनच शिकवतात. ‘राहायच्या’ आणि ‘राहिल्या’ यांतला फरक मराठीत लहान मूलही करतं. ‘मे गुस्ता एल काफे’ या वाक्यात आवडणारी वस्तू कर्ता असते आणि क्रियापद तिच्यामागून जातं. ‘मला कॉफी आवडते, मला पुस्तकं आवडतात’ म्हणणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही. ‘तिनं यावं अशी माझी इच्छा आहे’ यातलं ‘यावं’ ज्याच्या जिभेवर आहे, त्याला स्पॅनिश क्रियापदाचं इच्छा दाखवणारं रूप निम्मं आधीच येत असतं. त आणि द तर दोन्हीकडे दातांशीच उच्चारले जातात. हे कळल्यापासून मी टिपणं इंग्रजीत लिहिणं सोडलं आणि मराठीत लिहू लागले. मराठीची मदत जिथे संपते, तीही जागा स्पष्ट दिसते. ‘असणं’ या एका अर्थासाठी स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदं आहेत. तिथे आपलं ‘आहे’ पुरत नाही. तिथे सरावाला पर्याय नाही.

वर्ग बाराला सुटतो, शिकणं सुटत नाही. मी एका कुटुंबात राहते. दुपारी टेबलावर काळ्या घेवड्याची उसळ, तोर्तिया आणि तळलेली केळी असतात. जेवून उठणारा माणूस बसलेल्या सगळ्यांना ‘ग्रासियास’ म्हणतो आणि बाकीचे त्याला ‘बुएन प्रोवेचो’ म्हणतात. आजींना ‘उस्तेद’, मैत्रिणींमध्ये ‘वोस’. तू-तुम्ही सांभाळत वाढलेल्या माणसाला ही घडी लवकर बसते. रस्त्यावर रंगीबेरंगी बस, इथली ‘कामियोनेता’, उभी असते. एके काळी अमेरिकेत शाळेची मुलं नेणारी ही गाडी आता राजधानीला जाते आणि तिच्या दारात लटकलेला ‘आयुदांते’ ‘ग्वाते, ग्वाते’ ओरडत असतो. त्याला भाडं विचारणं, उत्तर समजणं, सुटे पैसे मोजणं ही माझी रोजची परीक्षा.

बाजारात आणखी एक गोष्ट कळते. भाजी विकणाऱ्या अनेक बायका आपसात काकचिकेल बोलतात. ग्वातेमालात बावीस माया भाषा आहेत आणि त्या बायकांसाठीही स्पॅनिश ही नंतर शिकलेली भाषा आहे. अंतिग्वात १९६९ साली सुरू झालेल्या ‘फ्रान्सिस्को मार्रोकिन’ नावाच्या भाषासंस्थेनं परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवून मिळालेला पैसा माया भाषांच्या अभ्यासाकडे वळवला. त्या संस्थेत माया तरुण भाषाशास्त्र शिकले आणि आपापल्या भाषांची व्याकरणं, शब्दकोश करण्याच्या कामाला लागले. स्पॅनिश शिकायला येणाऱ्यानं हा इतिहास माहीत करून घ्यावा, कारण आपण जी भाषा शिकतोय, ती इथे सगळ्यांची मातृभाषा नाही.

लॅपटॉप घेऊन येणाऱ्या आमच्यासारख्यांमुळे अशा गावांत भाडी चढतात, कॅफे बदलतात. आम्ही बाहेरच्या चलनात कमावतो आणि इथल्या भावात जगतो. त्याच वेळी अनेक शाळांत शिक्षिकेला पैसे मिळतात ते प्रत्यक्ष शिकवलेल्या तासांचे. विद्यार्थी आला नाही, तर तो आठवडा रिकामा जातो. म्हणून इकडे येऊ पाहणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. नाव नोंदवण्याआधी शुल्कातला किती भाग शिक्षिकेच्या हातात पडतो, हे शाळेला विचारा आणि जी सरळ उत्तर देईल ती शाळा निवडा. एखाद्या कुटुंबात राहा. सकाळ वर्गाला द्या. शिक्षिका चांगली मिळाली, तर आठवड्यामागून आठवडे तिच्याकडेच शिका, म्हणजे तिला काम मिळत राहील आणि तुमच्या चुका तुमच्यापेक्षा तिला जास्त ओळखीच्या होतील.