अठ्ठ्याहत्तर

पोरं मोजायची ती एसटीच्या पायरीवर, चढताना. एकदा आत शिरली की जागा बदलतात, मैत्रिणीच्या मांडीवर बसतात, बाकाखाली चप्पल शोधायला वाकतात आणि आकडा चुकतो. इतक्या वर्षांच्या सहलींतून एवढं शहाणपण आलंय. यंदा आठवी-नववीची ७८ मुलं, सहा शिक्षक आणि दोन लाल गाड्या.

खरं काम महिनाभर आधीच सुरू होतं. आगारात प्रासंगिक कराराचा अर्ज टाकायचा. शाळेच्या सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत मिळते, म्हणून तर आमच्या पालकांना सहल परवडते. मग शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, एकेका पालकाचं संमतीपत्र. पुरातत्त्व खात्याकडे १५ वर्षांखालच्यांना तिकीट नाही, त्यासाठी जन्मतारखांची यादी. वारही बघावा लागतो: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. आम्ही गुरुवार-शुक्रवार धरला. समुद्राचं नाव आता कुणी काढत नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडला पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून मीही सहलीत बोलतो कमी, मोजतो जास्त.

पहाटे चारला निघालो. नेवासा फाट्याच्या आधीच पहिली उलटी. लिंबू, आवळासुपारी, पिशव्या सगळं पुढच्या बाकावर तयार असतं. उलटीवाल्यांनाही तिथेच, खिडकीशी. मागे गाण्याच्या भेंड्या रंगलेल्या. डबे दुपारी उघडायचे असं बजावलेलं, पण सातच्या सुमारास गाडीभर धपाट्यांचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा वास सुटला.

अजिंठ्याला आपली गाडी फाट्यावरच थांबते. पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जायचं. म्हणजे उतरताना मोजा, चढताना मोजा, परत उतरताना मोजा. चित्रांच्या लेण्यांत बूट काढून जावं लागतं, आणि इथे माझा हिशोब दरवर्षी कोलमडतो. शाळेचे काळे बूट, सगळे एकाच दुकानातले. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी मुलांनी पाच मिनिटं पाहिला. बाहेर येऊन आपापला बूट ओळखायला वीस मिनिटं लागली. सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाचा भलामोठा बुद्ध आडवा आहे. तिथे मात्र कुणी न सांगता सगळी गप्प झाली.

मुक्काम वेरूळला, सतरंजीवर ओळीने. रात्री दोनदा उठून बॅटरीच्या उजेडात पायांच्या जोड्या मोजल्या. पांघरूण डोक्यावरून घेतात, पाय उघडे राहतात.

दुसऱ्या दिवशी कैलास लेणं पाहून देवगिरीवर. तिथली अंधारी म्हणजे माझी परीक्षा. डोंगरात कोरलेली वळणावळणाची काळीकुट्ट वाट, पायऱ्या उंच-सखल, वटवाघळांचा उग्र दर्प. डोळ्यांनी मोजणं संपतं. म्हणून प्रत्येकाला क्रमांक दिलेला असतो, आत शिरलं की ओरडून सांगायचा. एकावन्न. बावन्न. आणि मग काहीच नाही.

मी पुन्हा ओरडलो, "त्रेपन्न!"

वरून थेंब पडल्याचा आवाज आला. पोटात गोळा उठला. मग अगदी माझ्या कोपराशी, वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलीचा आवाज: "हजर, सर."

अंधारात पंचवीस आकडे एकदम हसले. पुढची मोजणी पहिल्यापासून करावी लागली.

रात्री अकराला शाळेच्या मैदानात आलो. आता मोजणी उलटी. पालक आला, सही झाली की नावावर काट. तासाभरात यादीत एकच नाव उरलं. त्याच्या वडिलांकडे शेताला रात्रीची लाईट होती, दारं धरून यायला उशीर होणार होता. आम्ही दोघं व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. ड्रायव्हरमामा गाडी झाडत होते.

"सर, कैलास वरून खाली कोरत आणला ना?"

"हो."

"म्हणजे कळस आधी झाला?"

"हो."

"आणि पाया शेवटी?"

तो हाताने हवेत वरून खाली काहीतरी कोरत राहिला. मैदानाच्या टोकाला मोटारसायकलचा दिवा दिसला. मी पेन काढलं, पण तो उठेपर्यंत काट मारली नाही.