थर्मोस्टॅट काढून टाकू नका, बदला!

ट्रॅक्टर किंवा जीप तापू लागली की 'थर्मोस्टॅट काढून टाका' असा सल्ला हटकून मिळतो. पण मग इंजिनला नीट ऊब येत नाही, डिझेल जास्त जळते आणि झीज वाढते.

थर्मोस्टॅट म्हणजे मेण भरलेली छोटी झडप. पाणी साधारण ८० अंशांपुढे तापले की मेण फुगून झडप उघडते व पाणी रेडिएटरकडे जाते. झडप बंदच अडकली तर इंजिन उकळते.

बदलण्यापूर्वी इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. उकळते पाणी उसळून अंगावर येते. थोडे पाणी भांड्यात काढून घ्या. त्यात कूलंट असेल तर ते विषारी असते. मुलाबाळांपासून व जनावरांपासून दूर ठेवा.

बहुतेक इंजिनांत रेडिएटरची वरची नळी जिथे इंजिनला जोडलेली असते, तिथल्या टोपीखाली थर्मोस्टॅट सापडतो. तो काढून, जुन्या डब्यात दोरीने पाण्यात लोंबकळत ठेवून तापवा. पाणी उकळले तरी उघडला नाही तर बदला. उघडला तर दोष दुसरीकडे आहे. पंख्याचा पट्टा व भुशाने बुजलेली रेडिएटरची जाळी तपासा.

नवा त्याच मापाचा घ्या. स्प्रिंगची बाजू इंजिनकडे ठेवा. जुने गॅस्केट खरवडून नवे बसवा. पाणी भरून, झाकण उघडे ठेवून गार इंजिन चालू करा. बुडबुडे थांबले की इंजिन बंद करा, पाणी पुरे करून झाकण लावा आणि गळती पाहा.