हायब्रिड कार घेतली तर पैसे खरंच वाचतात का? मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करा हा हिशेब

पेट्रोलवर चालणारी, गिअर बदलायची कटकट नसलेली एसयूव्ही, आणि कागदावर मायलेज लिटरला जवळपास 28 किलोमीटर! मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर या जोडीच्या स्ट्राँग हायब्रिड मॉडेलचा कंपनीचा आकडा 27.97 आहे. हा आकडा वाचला की पहिला विचार एकच येतो, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील, पेट्रोलमध्ये वसूल होतील.

होतील का? उत्तर गाडीवर कमी आणि तुम्ही महिन्याला किती आणि कुठे गाडी चालवता यावर जास्त अवलंबून आहे. पहिल्यांदाच गाडी घेणारे माझे मित्र मला हाच प्रश्न विचारतात, म्हणून सगळा हिशेब इथे एकदाच मांडतो.

आधी नाव नीट समजून घ्या: माइल्ड की स्ट्राँग?

शोरूममध्ये "हायब्रिड" हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. इथेच बरेच जण फसतात.

माइल्ड हायब्रिड: यात इंजिनाला एक छोटी मोटर जोडलेली असते. सिग्नलला इंजिन बंद-चालू करणं आणि पिकअप घेताना थोडा हात देणं, एवढंच तिचं काम. ती एकटी गाडी ओढू शकत नाही. मारुतीच्या अनेक गाड्यांवर "स्मार्ट हायब्रिड" लिहिलेलं असायचं, ते हेच.

स्ट्राँग हायब्रिड: इथे मोटर एवढी ताकदवान असते की इंजिन पूर्ण बंद असतानाही गाडी चालते. ट्रॅफिकमध्ये हळूहळू सरकताना, पार्किंगमधून बाहेर काढताना गाडी चक्क इलेक्ट्रिकसारखी शांत चालते.

फरक किती? ग्रँड विटाराचं माइल्ड हायब्रिड मॅन्युअल मॉडेल कंपनीच्या आकड्यानुसार 21.11 देतं, स्ट्राँग हायब्रिड 27.97. म्हणून सेल्समनने "सर, ही हायब्रिडच आहे" म्हटलं की लगेच विचारा, "माइल्ड की स्ट्राँग?" या लेखात यापुढे हायब्रिड म्हणजे स्ट्राँग हायब्रिड.

चार्जरशिवाय बॅटरी चार्ज कशी होते?

या गाड्यांना प्लग नसतो. तुम्ही ब्रेक दाबला किंवा ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलटं काम करते, म्हणजे जनरेटर बनते. साध्या गाडीत ब्रेक लावल्यावर जी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, तिचा बराचसा भाग इथे बॅटरीत जमा होतो. कमी पडलं तर इंजिनही बॅटरी चार्ज करतं.

बॅटरी किती मोठी? हायरायडरमध्ये 0.76 किलोवॅट-तास, म्हणजे 760 वॅट-तास. आपल्या 5000 एमएएचच्या फोनमध्ये साधारण 19 वॅट-तास मावतात. म्हणजे गाडीतली बॅटरी जेमतेम 40 फोनांएवढी! 45 किलोवॅट-तासाची बॅटरी असलेल्या इलेक्ट्रिक गाडीच्या तुलनेत ती जवळजवळ 60 पट लहान आहे. त्यामुळे ती पटकन भरते आणि पटकन रिकामीही होते. लांबवर इलेक्ट्रिकवर चालणं हे तिचं कामच नाही. वाया जाणारी ऊर्जा पकडायची आणि पुढच्या मिनिटाला वापरायची, एवढंच.

यातूनच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा निघतो. जिथे ब्रेक जास्त, तिथे हायब्रिडचा फायदा जास्त. पुण्यातल्या हिंजवडीचं ट्रॅफिक किंवा ठाण्याचा घोडबंदर रोड म्हणजे हायब्रिडचं माहेरघर. समृद्धी महामार्गावर एकाच वेगाने तासभर गेलात, तर ब्रेकच लागत नाही. मग पकडायला ऊर्जाच नाही, आणि जवळपास सगळं काम इंजिनालाच करावं लागतं.

कंपनीचा आकडा आणि रस्त्यावरचा आकडा

जाहिरातीतलं मायलेज प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून मोजतात. तिथे खड्डे नसतात, एसीचा भर नसतो, मागे तीन माणसं आणि सामान नसतं. म्हणून मी हिशेबासाठी मुद्दाम हात आखडता घेऊन आकडे धरतो.

समजा, एकाच आकाराच्या दोन ऑटोमॅटिक एसयूव्ही आहेत. पेट्रोल 105 रुपये लिटर धरू.

शहरात:
- साधी पेट्रोल ऑटोमॅटिक, मायलेज 13: किलोमीटरला 8.08 रुपये
- हायब्रिड, मायलेज 22: किलोमीटरला 4.77 रुपये
- बचत: किलोमीटरला साधारण 3.30 रुपये

हायवेवर:
- साधी पेट्रोल ऑटोमॅटिक, मायलेज 17: किलोमीटरला 6.18 रुपये
- हायब्रिड, मायलेज 21: किलोमीटरला 5 रुपये
- बचत: किलोमीटरला साधारण 1.20 रुपये

बघा, हायवेवर बचत जवळपास एक तृतीयांश झाली. गाडी तीच, फक्त रस्ता बदलला.

आता खरा प्रश्न: जास्तीचे पैसे कधी वसूल होणार?

साध्या ऑटोमॅटिक आणि हायब्रिडच्या ऑन-रोड किमतीत अडीच लाखांचा फरक आहे असं धरू. तुमच्या शोरूमचा आकडा वेगळा असेल, तोच टाका. फक्त तुलना सारख्याच फीचर्सच्या दोन मॉडेलची करा. हायब्रिडचं वरचं मॉडेल आणि साध्याचं बेस मॉडेल अशी तुलना केली तर सनरूफचे पैसेही हायब्रिडच्या नावावर लागतात.

रोख पैसे भरले आणि गाडी फक्त शहरात चालवली, तर अडीच लाख भागिले 3.30, म्हणजे साधारण 76,000 किलोमीटरनंतर फरक वसूल होतो.
- महिन्याला 500 किमी: साडेबारा वर्षांहून थोडं जास्त
- महिन्याला 1,000 किमी: सव्वासहा वर्षं
- महिन्याला 2,000 किमी: सव्वातीन वर्षांच्या आतच

पण आपल्यातले बहुतेक जण गाडी कर्जावर घेतात. आणि कर्जाचा हिशेब कुणी करतच नाही! हा अडीच लाखांचा फरक 9 टक्के व्याजाने 7 वर्षांच्या कर्जात टाकला, तर फक्त त्या फरकाचा हप्ता महिन्याला साधारण 4,020 रुपये येतो. सात वर्षांत त्यावर 88,000 रुपयांच्या आसपास व्याज जातं.

आता सरळ तुलना करा. हप्ता 4,020 रुपये, शहरातली बचत किलोमीटरला 3.30 रुपये. म्हणजे महिन्याला साधारण 1,220 किलोमीटर शहरात चालवलं, तर बचत आणि वाढीव हप्ता बरोबरीत येतात. रनिंग त्याहून कमी असेल तर दर महिन्याला खिशातून जास्तच जाणार. निम्मं शहर, निम्मा हायवे असेल तर हा आकडा जवळपास 1,800 किलोमीटरवर जातो.

कर्ज फिटल्यानंतरची बचत मात्र पूर्ण तुमची. म्हणून गाडी दहा वर्षं ठेवणाऱ्याचा हिशेब वेगळा, आणि चार-पाच वर्षांत विकणाऱ्याचा वेगळा.

बजेट टाइट असेल तर बाकीचे पर्यायही मोजा

सीएनजी: 90 रुपये किलो आणि किलोला 20 किलोमीटर धरलं, तर किलोमीटरला 4.50 रुपये. म्हणजे खर्च हायब्रिडएवढाच, किंबहुना थोडा कमी, आणि गाडी बरीच स्वस्त. पण पंपावरची रांग, टाकीने खाल्लेली डिकी, आणि बहुतेक मॉडेलमध्ये मॅन्युअल गिअर, हे पत्करावं लागतं.

छोटी पेट्रोल हॅचबॅक: रस्त्यावर 18 मायलेज धरलं तर किलोमीटरला 5.83 रुपये. महिन्याला 1,000 किलोमीटरमागे हायब्रिड एसयूव्हीपेक्षा जेमतेम 1,060 रुपये जास्त. आणि गाडीची किंमत? अनेकदा निम्म्याहून कमी! फक्त पैसे वाचवणं हाच हेतू असेल, तर लहान गाडीला हरवणं हायब्रिडला जमत नाही.

इलेक्ट्रिक: घरी 10 रुपये युनिटने चार्जिंग केलं तर किलोमीटरला दीड रुपयाच्या आसपास. पण पार्किंगमध्ये स्वतःचा चार्जिंग पॉइंट हवा. सोसायटीत तो मिळत नसेल, तर या आकड्याचा उपयोग नाही.

करामुळेही फरक पडतो. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवर 18 टक्के जीएसटी आहे, इलेक्ट्रिकवर 5 टक्के. ग्रँड विटारा, हायरायडर, होंडा सिटी या हायब्रिड चार मीटरपेक्षा लांब असल्याने त्यांच्यावर 40 टक्के लागतो. म्हणजे पर्यावरणाला मदत होते म्हणून हायब्रिडला जीएसटीत वेगळी सूट नाही.

बॅटरी गेली तर?

ही भीती सगळ्यांना असते. मारुती, टोयोटा आणि होंडा या हायब्रिड बॅटरीवर 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी होईल तेवढी वॉरंटी देतात. म्हणजे नवीन गाडीत कर्ज फिटेपर्यंत तरी काळजी नाही. ब्रेकचं बरंच काम मोटर करत असल्याने ब्रेक पॅडही जास्त टिकतात.

सेकंड हँड हायब्रिड बघत असाल तर मात्र तीन गोष्टी तपासा: वॉरंटी किती उरली, ती तुमच्या नावावर ट्रान्सफर होते का हे लेखी, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरचा बॅटरीचा रिपोर्ट.

आणखी एक, डिकी उघडून बघाच. बॅटरी मागे बसवल्याने जागा कमी होते. होंडा सिटीत साध्या पेट्रोल मॉडेलला 506 लिटर जागा मिळते, हायब्रिडमध्ये 306. गणपतीला गावी जाताना हा फरक चांगलाच जाणवतो.

शोरूमला जायच्या आधी फोनवर हे करा

1. गेल्या तीन महिन्यांचं रनिंग काढा. गाडी असेल तर दर एक तारखेला ओडोमीटरचा फोटो काढा. नसेल तर ऑफिसचं अंतर गुणिले दिवस, अधिक महिन्यातल्या लांबच्या फेऱ्या.
2. त्यातलं शहरातलं आणि हायवेचं वेगळं करा.
3. दोन्ही मॉडेलचं ऑन-रोड कोटेशन व्हॉट्सॲपवर लेखी मागवा. एक्स-शोरूम किमतीवर हिशेब करू नका.
4. किमतीतल्या फरकाचा हप्ता ईएमआय कॅल्क्युलेटरवर काढा.
5. तो हप्ता किलोमीटरमागच्या बचतीने भागा. आलेला आकडा तुमच्या रनिंगपेक्षा कमी असेल, तर हायब्रिड परवडते.

माझं मत विचाराल, तर रोज 50 किलोमीटर शहराच्या ट्रॅफिकमधून जाणाऱ्या आणि ऑटोमॅटिकच हवी असलेल्या माणसाने हायब्रिड नक्की बघावी. रोजचं ऑफिस मेट्रोने आणि गाडी फक्त शनिवार-रविवारी, असं असेल तर ते अडीच लाख बँकेतच राहू द्या. त्यांचं व्याज पेट्रोलला उपयोगी पडेल.