अलहम्ब्रा : पाण्यावर तरलेला राजवाडा

दक्षिण स्पेनमधील ग्रानादा शहराच्या टेकडीवरचा अलहम्ब्रा हा मुरांचा राजवाडा पाहण्याची माझी फार दिवसांची इच्छा गेल्या वसंतात पूर्ण झाली. सोबत बाबा होते. पाटबंधारे खात्यात कालवे सांभाळण्यात आयुष्य गेलेल्या बाबांचा पहिलाच प्रश्न होता, "इतक्या उंचावर पाणी आणले कुठून?"

उत्तर मिळाले हेनेरालिफे या सुलतानांच्या उद्यानात. सुमारे सहा किलोमीटर अंतरावर दारो नदीचे पाणी वळवून, केवळ उताराच्या बळावर ते राजकालव्याने येथवर आणले आहे. १३व्या शतकातील हा कालवा उद्यानाच्या मुख्य चौकातून मधोमध वाहतो. (त्यावर कमानी धरणारी कारंजी मात्र बरीच नंतरची.) वरच्या बाजूला एका जिन्याच्या कठड्यांतूनही पाणी खळाळत उतरते. बाबांनी त्यात हात बुडवला, तो काढीचनात!

नासरी राजवाड्यांत प्रवेश तिकिटावर छापलेल्या वेळीच मिळतो. आमची वेळ साडेअकराची आणि सव्वाअकरा वाजत आलेले. बाबांचे गुडघे आणि पुढची वाट यांचा हिशेब जुळेना. "तू जा. मी पाण्यापाशी बसतो," ते म्हणाले. मी धावतच पोहोचलो. मन मात्र मागे राहिले.

आत शांत जलाशयात कोमारेस मनोऱ्याचे प्रतिबिंब स्थिरावले होते. पुढे पाचव्या मुहम्मदाने उभारलेला सिंहांचा चौक : १२४ सडपातळ संगमरवरी स्तंभ आणि मध्ये कारंज्याचे पात्र पाठीवर तोलणारे बारा सिंह. छतांवरील मधाच्या पोळ्यासारखी नक्षी पाहून मान अवघडली. हे सारे वैभव मुख्यतः गिलावा, लाकूड आणि रंगीत फरश्यांतून साकारले आहे, हे कळल्यावर माझ्यातील हिशेबनीस थक्क झाला. २ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान बोआब्दिल याने हे सारे फर्डिनांड आणि इसाबेला यांच्या स्वाधीन केले. खिडकीतून समोरची पांढरी वस्ती पाहताना त्याला ते कसे सोडवले असेल, असे वाटून गेले.

परतलो तेव्हा बाबा उद्यानाच्या दाराशी उभे होते. मी सिंहांचे वर्णन सुरू केले.

"पाणी अजून पडते त्यांच्या तोंडातून?"

"पडते."

"मग बांधणारा जाणता होता," असे म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही सावकाश टेकडी उतरू लागलो.