इंधनातील गंधकाचा परिहार

नगरजवळच्या अकोळनेर येथील आगारातून टँकरांवाटे जे डिझेल रवाना होते, त्यात 1 एप्रिल 2020 पासून देशभर अंमलात आलेल्या भारत स्टेज सहाच्या दंडकान्वये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत 10 भागांहून अधिक असता कामा नये. तत्पूर्वीची मर्यादा 50 होती. गंधक जळून उपजणारा वायू फुप्फुसांना जाचक आहेच, पण वाहनाच्या धूरनळीतील शुद्धीकारक उत्प्रेरकही गंधकामुळे निकामी होतो, आणि माझ्या मते या सक्तीचे खरे मर्म तेथेच आहे.

तेलशुद्धीकरण कारखान्यात सुमारे 350 अंश सेल्सिअस तापमानावर, प्रचंड दाबाखाली, कोबाल्ट-मॉलिब्डेनमयुक्त उत्प्रेरकावरून तेल व हायड्रोजन एकत्र वाहविले, म्हणजे कार्बनशी जखडलेले गंधक हायड्रोजनशी संयोग पावून हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूच्या रूपाने मुक्त होते. अखेरचे अंश मात्र मोठे चिवट: डायबेन्झोथायोफीन या गंधकयुक्त संयुगाच्या काही प्रकारांत गंधकाच्या दोन्ही बाजूंस मिथिल गटांचे पहारे असल्याने उत्प्रेरकास त्याच्यापर्यंत पोहोचणेच दुष्कर होते.

मुक्त झालेल्या हायड्रोजन सल्फाइडपासून क्लॉस प्रक्रियेने पिवळे गंधक परत मिळते. आणि मौज अशी, की 1950 च्या सुमारास प्रवरेच्या परिसरात सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ रोवणाऱ्या याच नगर जिल्ह्यात उसाचा रस निवळण्यासाठी गंधक मुद्दाम जाळण्याची पद्धत रूढ झाली.