शिमोनाचे मिटत आलेले डोळे

लूकच्या शुभवर्तमानात शिमोन मोजक्या ओळींपुरता येतो. मसीहाला पाहिल्याशिवाय मरण येणार नाही, असे त्याला कळलेले असते. यरुशलेमच्या मंदिरात तो बाळ येशूला हातांत घेतो, आता डोळे मिटायला मोकळा झालो म्हणतो आणि लगेच मरियेला तिच्या वाट्याच्या दुःखाचीही कल्पना देतो. डच चित्रकार रेम्ब्रांटने हा प्रसंग आयुष्यभर पुन्हापुन्हा हाताळला. श्रद्धेत मुरत गेलेल्या माणसाला कशाकशावाचून चालू लागते, ते या चित्रांतून दिसते, असे माझे म्हणणे आहे. १६३१चे चित्र हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. जेमतेम दोन फूट उंचीच्या त्या लाकडी फळीवर पंचविशीच्या चित्रकाराने अख्खे मंदिर उभे केले : उंच खांब, पायऱ्यांवरची गर्दी, योसेफाच्या हातातली कबुतरे. शिमोनाचे तोंड उघडे, नजर वर. कसब दाखवण्याचे ते वयच असते आणि कसब खरोखर थक्क करणारे आहे. १६५४च्या सुमाराच्या छापचित्रात मात्र काळोख दाटून येतो आणि शिमोन गुडघ्यांवर येतो. रेम्ब्रांटच्या मृत्यूनंतर, १६६९ साली, कामाच्या खोलीत सापडलेल्या आणि आता स्टॉकहोममध्ये असलेल्या अपुऱ्या चित्रात मंदिर उरलेलेच नाही. डोळे जवळजवळ मिटलेला म्हातारा, ताठ पुढे आलेले हात, त्यांवर आडवे बाळ आणि मागे सावलीत एक स्त्री. ज्याने आयुष्यभर पाहण्याचीच वाट पाहिली, त्याला चित्रकाराने ऐन क्षणी पाहू दिलेले नाही. शिमोन म्हातारा होता किंवा त्याची दृष्टी अधू होती, असे लूक कुठेही म्हणत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : चित्र अपुरे आहे, मग साधेपणाचे श्रेय श्रद्धेला कसे? शिवाय ती स्त्री दुसऱ्या कुणी रंगवली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. आक्षेप रास्त आहे, पण तो रंगाच्या थरांना लागू पडतो, मांडणीला नाही. मंदिर पुसून गेलेले नाही. चौकटीत त्याला जागाच ठेवलेली नव्हती. दुसरा आक्षेप चरित्राचा. पत्नी सास्कियाचा मृत्यू १६४२चा, दिवाळे १६५६चे, नंतरची सोबतीण हेन्ड्रिकये १६६३ साली गेली आणि मुलगा टायटस १६६८ साली. तेव्हा हे शहाणपण दुःखाने आले, धर्माने नव्हे, असे म्हणता येईल. धर्मसंस्थेशी त्याचे फारसे जुळलेही नव्हते. लग्नावाचून त्याच्यासोबत राहते म्हणून हेन्ड्रिकयेला १६५४ साली चर्चच्या मंडळाने प्रभुभोजनापासून दूर ठेवले होते. पण दुःख एकट्याने माणसाला शहाणे करते, याला इतिहासात फारसा आधार नाही. ते कडूही करते. या चित्रातला म्हातारा कडवट का नाही, याचे उत्तर शिमोनाच्या कथेतच शोधावे लागते, कारण तिथे समाधान आणि येऊ घातलेले दुःख एकाच तोंडून, एकाच दमात येतात.

तिसरी शंका धर्मशास्त्रातली आहे आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. पूर्ण सत्य प्रकट झाले असेल, तर श्रद्धावंताच्या शहाणपणात वाढ कसली? लूक मात्र शिमोनाच्या कथेच्याच अध्यायात खुद्द येशू ज्ञानाने वाढत गेला असे सांगतो आणि या वाक्याने भाष्यकारांना शतकानुशतके अडचणीत टाकले. मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने तरुणपणी ख्रिस्ताच्या मानवी ज्ञानात खरी भर पडली, हे मान्य केले नव्हते. पुढे ‘सुम्मा’ हा आपला मुख्य ग्रंथ लिहिताना त्याने ते मान्य केले आणि आपण पूर्वी वेगळे लिहिले होते, हेही तिथेच नोंदवले.